जिन्यातला पाहुणा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. पुराणातली म्हणाल तर नाही, फार जुनीही नाही. चार उन्हाळे झाले तिला. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तसं मला रंगवता येणार नाही. मी आयुष्यभर समोर बसून माना डोलावणारा माणूस. पण जे घडलं ते घडलं तसं सांगेन.

माझं नाव अनंता बोचरे. इमारतीच्या हवापाण्याचं मॉडेल मांडणं हा माझा व्यवसाय. लोकांना वाटतं, इमारत आर्किटेक्ट उभी करतो. तो भिंती उभ्या करतो. त्या भिंतींच्या आत वारा, गारवा, पाणी, वीज, दवाखाना असेल तर ऑक्सिजन, हे सगळं कुठून यायचं आणि कुठून जायचं, ते आम्ही ठरवतो.

काम असं असतं. आर्किटेक्टचं संगणकातलं मॉडेल आमच्याकडे येतं. ते खाली अंथरायचं. त्याला हात लावायचा नाही. त्यावरून मजल्यांच्या उंच्या आणि खांबांच्या रेषा आपल्या मॉडेलात उतरवून घ्यायच्या. मग त्याची एकेक खोली उचलायची आणि तिची हवेची खोली करायची. एखादी भिंत छताला टेकली नसेल तर तिथून हवा शेजारच्या खोलीत सांडते, तेही बघायचं. आर्किटेक्टच्या खोलीला लांबी-रुंदी असते, फरशी असते, रंग असतो. आमच्या खोलीला माणसं असतात. माणूस म्हणजे तरी काय? आमच्या लेखी, नुसता बसून राहिला तरी शंभर वॅटच्या जुन्या बल्बएवढी ऊब टाकणारा आणि तासाला वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडणारा जीव. खोलीत असे किती जीव आणि किती वेळ, एवढं कळलं की वारा किती, नळी केवढी, यंत्र केवढं, सगळं ठरत जातं.

आणि नेमकी तीच गोष्ट आर्किटेक्टच्या मॉडेलात नसते.

"मग ती असते कुठे?" नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तेलगोटे सरांना विचारलं होतं.

"आयाबाईच्या डोक्यात," सर म्हणाले. "ऊठ. चपला घाल."

मधुसूदन तेलगोटे आमच्या ऑफिसचे मुख्य अभियंता. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की आंब्याच्या लोणच्यासारखं जिभेवर राहावं. नव्या इमारतीचं काम आलं की ते आधी जुन्या इमारतीत जात. शाळा असेल तर शिपायाला गाठत, मंगल कार्यालय असेल तर आचाऱ्याला, दवाखाना असेल तर आयाबाईला. "मालकाला विचारलं की तो माणसं कुठे बसायला हवीत ते सांगतो," ते म्हणत. "जो झाडतो, त्याला ती कुठे बसतात ते माहीत असतं."

सगळी माणसं मोजून झाली की सर मॉडेलात स्वतःच्या हातानं एक जागा वाढवत. नकाशात जिथे कुणी नाही, पण प्रत्यक्षात कुणीतरी असणारच, अशी जागा. जिन्याखाली चौकीदार. लिफ्टपुढच्या कोपऱ्यात चहावाला. त्या जागेला ते नाव देत 'पाहुणा' आणि तिथे चार-दोन माणसं लिहीत. वारा त्या हिशेबानं जाई.

"मोजून पानं मांडणाऱ्याच्या घरी मी जेवायला जात नाही," सर म्हणायचे. "बोलावलेले तर सगळेच जेवतात, अनंत्या. आगंतुकाला वाढलं म्हणजे ती पंगत."

मला हे फार आवडायचं. मी कीर्तनाला वेडा माणूस. सर शेवटच्या रांगेत टाळ घेऊन बसत. दर एकादशीला दोघं एकाच स्कूटरवरून देवळात जायचो. वडिलांनंतर मला कुणी कान धरून काही शिकवलं असेल तर सरांनी.

सर निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत उन्हाळा पार बदलला. चैत्रातच पारा सत्तेचाळीसला जायला लागला. मोठ्या इमारतींच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या. बाहेरची झळ आत येता कामा नये म्हणून भिंती, दारं, सगळं हवाबंद. सगळीकडे गारव्याची यंत्रं, आणि वीज तर तेवढीच. मग सरकारनं प्रत्येक इमारतीला वर्षाची वीज नेमून दिली. आम्ही तिला हवेचा शिधा म्हणत असू. शिध्यापेक्षा जास्त मागणारं मॉडेल मंजूर होत नसे. पूर्वी प्रत्येक अभियंता भीतीपोटी दहा-पंधरा टक्के वाढीव माप घाली. ते बेकायदा ठरलं.

आणि मग आमच्या ऑफिसात पंत आले.

पंत म्हणजे मांडणीचं यंत्र. कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, पण ते सूचना इतक्या शुद्ध आणि आदबशीर मराठीत लिही की ऑफिसातल्या पोरींनी त्याचं नाव पंत ठेवलं. आर्किटेक्टचं मॉडेल त्याच्यापुढे ठेवायचं. मी जे तीन आठवडे करत असे, ते पंत अकरा मिनिटांत करून देत. खोल्या, नळ्या, तारा, सगळं मांडून. आणि माणसांचा आकडाही तेच घालत. चाळीस हजार इमारतींची मॉडेलं त्यांनी पचवली होती, आणि त्या इमारतींत नंतर कुठल्या खोलीत खरोखर किती माणसं वावरली, याच्या संवेदकांनी टिपलेल्या नोंदीही. त्यावरून ते सांगत: या दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत सोमवारी अकरा जण असतील, गुरुवारी चार. आणि तसे असत! मी उगाच नावं ठेवणार नाही. पंत हुशार होते.

उणीव होती ती एवढीच. संवेदक खोल्यांत बसवलेले असतात. जी जागा खोलीच नाही, तिथे कुणी कधी मोजलंच नव्हतं. चाळीस हजार इमारतींच्या जिन्यांत पंतांना एकही माणूस बसलेला दिसला नव्हता.

आमच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याची नवी, हवाबंद इमारत व्हायची होती. त्या कामाला हात घातला त्याच सकाळी मला फोन आला.

"बोचरे सायेब, मी गोदाबाई बोलून रायली. दवाखान्यातली." गोदावरी तायडे, तिथली सर्वांत जुनी आया. सरांची खास माणूस. "नवा वार्ड बांधून रायले म्हन्ते! मले अजून कोनी काई इचारलंच नाही. तेलगोटे सायेब असते तं दोनदा चहा पिऊन गेले असते."

"आता यंत्र विचारतं मावशी," मी हसून म्हणालो.

"यंत्र चहा पेते का?"

"सांगा ना, काय सांगायचंय?"

"अवो, पेशंटपाशी एकच मानूस ठेवतेत. दुपारी एक ते चार त्यालेबी हाकलतेत. मंग ते जाते कुठी? जिन्यात. दुसऱ्या मजल्याच्या वळनावर. तिथंच भाकर खातेत, तिथंच टेकतेत. दाराजवळच बसा लागते नं बाप्पा! आतून नाव पुकारलं अन् मानूस हजर नसला तं औशद राहून जाते. पाच-सहा तं रोज असतेत. उन्हाळ्यात दहाबी."

मी आर्किटेक्टला फोन लावला. मिहीर नावाचा तरुण मुलगा, कामाला चोख. तो म्हणाला, "बोचरेकाका, जिना म्हणजे आग लागली तर पळायचा रस्ता. तिथे कुणी बसायचंच नाहीये. मी तिथे खोली दाखवली तर नकाशा पहिल्या टेबलावरच नामंजूर होईल."

त्याचंही खोटं नव्हतं. मग मी सरांची रीत केली. पंतांच्या मांडणीत हातानं जिन्याच्या वळणावर जागा वाढवली, नाव दिलं 'पाहुणा', आणि माणसं लिहिली सहा. मन हलकं झालं.

संध्याकाळी पंतांनी ती मांडणी पुन्हा तपासली आणि तपासणीची यादी पुढे ठेवली. एकशे चौऱ्याण्णव सूचना. बहुतेक क्षुल्लक असतात: अमुक नळी खांबाला चार मिलिमीटर घासते, तमुक खोलीचं दार उलटं उघडतं. प्रत्येक वाचायची आणि 'मान्य' किंवा 'अमान्य' म्हणायचं. साठ-सत्तर मी नीट वाचल्या. घड्याळात पावणेसहा झाले होते. त्या दिवशी एकादशी होती, परगावचे बुवा यायचे होते, आणि मला पूर्वरंग चुकवायचा नव्हता. निरूपण अर्ध्यातून ऐकणं मला अर्ध्या पानावरून उठल्यासारखं वाटतं.

खाली एक बटण होतं: 'सर्व मान्य.' मी ते दाबलं आणि चपला घातल्या.

त्या संध्याकाळी बुवांनी कोणतं आख्यान लावलं होतं, ते मला आज आठवत नाही.

पंधरा दिवसांनी शिध्याचा मंजूर कागद आला. त्यात मजलावार माणसं लिहिलेली होती. जिन्यापुढे शून्य होतं. मी धावत जाऊन जुनी यादी उघडली. एकशे एकाहत्तरावी सूचना: 'आदरणीय अभियंता, दुसऱ्या मजल्यावरील जिन्यात सहा व्यक्ती आढळतात. या व्यक्तींना खोली नाही. हे वाढीव माप समजून काढून टाकावे काय?' आणि त्यापुढे माझं नाव. मान्य, अ. बोचरे.

मला वाटलं होतं, हातानं लिहिलेल्याला यंत्र हात लावत नाही.

दुरुस्ती करता आली असती. मॉडेल परत उघडायचं, शिध्याचा अर्ज पुन्हा टाकायचा, मंजुरीला आणखी महिना-दीड महिना. कंत्राटदार पाया खणून बसला होता. ऑफिसात मालकांना सांगावं लागलं असतं की बोचऱ्यांनी यादी न वाचता मंजूर केली. तीस वर्षांत असं कुणी माझ्याबद्दल म्हटलं नव्हतं. मी तो कागद दोनदा घडी घालून ठेवला आणि दोनदा काढला. मग स्वतःला म्हणालो, बसवतील कुणीतरी एखादा पंखा. आणि ठेवून दिला.

पुढच्या एकादशीला देवळाच्या पायऱ्यांवर सरांनी विचारलं, "काय रे, दवाखान्यात पाहुणा घातलास ना?"

"हो सर."

"किती?"

"सहा."

"गोदाबाई दहा म्हणाली असेल. तू सहावर आणलंस. चिक्कू आहेस लेका!" सर खो खो हसले आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "पण घातलास. यंत्रापुढे टिकलास. बरं वाटलं."

सहा हा आकडा खरा होता. अर्धा दिवस खरा होता.

इमारत दीड वर्षात उभी राहिली. चकचकीत, शांत, आत चोवीस अंश. पुढच्या वैशाखात सरांच्या पत्नी, इंदूकाकू, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दुसऱ्या मजल्याच्या वॉर्डात दाखल झाल्या. सोबतीला एकच माणूस: सर. दुपारी एकला त्यांनाही बाहेर काढत. बाकीच्यांसारखे तेही जिन्याच्या वळणावर जाऊन बसत.

मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा सकाळी. दुपारी जायचा मला धीर झाला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं; आज सांगतोय.

आता त्या मंगळवारचं. बाहेर एकोणपन्नास होतं. जिन्याला पश्चिमेकडून उंच काच, उजेड यावा म्हणून. खाली-वर दोन्ही दारं हवाबंद. वळणावर सरांसकट सात माणसं. त्यात निंभीच्या सुंदराबाई खंडारे होत्या. वय साठीच्या आसपास, त्यांचा धाकटा भाऊ वॉर्डात होता. पुढचं मला गोदामावशींनी आणि जिन्यातल्या एका पोरीनं सांगितलं.

अडीचच्या सुमाराला सुंदराबाई सरांना म्हणाल्या, "दादा, जीव घाबरून रायला माहा. खाली निंबाखाली जाऊ का?"

"बाहेर वणवा आहे, बाई," सर म्हणाले. "इथे वारा सोडलेला आहे. थोडं थांबा, जाणवेल. माझ्या हाताखालच्या पोरानं मांडलीय ही इमारत. बसा."

त्या बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "जाऊ का?" सर पुन्हा म्हणाले, बसा.

भिंतीपलीकडे पंत काय करत होते, तेही सांगायला हवं. इमारत बांधून झाली तरी पंत तिच्यात असतातच. तेच वारा कमी-जास्त करतात. जिन्यात त्यांचा एक संवेदक होता, पण तो माणसांसाठी नव्हता. वॉर्डातली मोलाची गार हवा कुठे फटीतून जिन्यात गळत तर नाही ना, हे पाहण्यासाठी होता. हवा गळली की तिच्याबरोबर माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड येतो. तो वाढला म्हणजे गळती आहे, असा साधा हिशेब. त्या दुपारी सात माणसं जिन्यात श्वास घेत होती. वायू वाढत गेला. पंतांच्या लेखी जिन्यात माणूस नव्हताच. मग हा श्वास कुणाचा? वॉर्डातून गळलेला. म्हणून पंतांनी वॉर्डाच्या दारावरच्या झडपा आवळल्या. वायू आणखी वाढला. त्यांनी आणखी आवळल्या. दाराच्या फटीतून जी काही गार झुळूक जिन्यात येत होती, तीही थांबली. ती माणसं जेवढ्या जोरानं श्वास घेत होती, तेवढं दार घट्ट होत होतं.

आणि बंद जागेत सात जणांचा घाम. हवा ओली झाली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंगातली आग बाहेर पडत नाही. बाहेरच्या कोरड्या वणव्यात, निंबाच्या सावलीला, माणूस कदाचित तगला असता. जिन्यात नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी गोदामावशींनी नाव पुकारायला दार उघडलं. "खंडारेबाई हाय का?" सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. त्या गेल्या होत्या. सर आणि दोघं बेशुद्ध होते, ते वाचले. त्या बाईपासून चार बोटं भिंतीपलीकडे चोवीस अंश होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सरांना त्याच वॉर्डात खाट दिली होती, इंदूकाकूंच्या शेजारची. सलाइन लावलेलं. चष्मा नव्हता, त्यामुळे ते कुणीतरी निराळेच दिसत होते.

"अनंत्या, ये." आवाज खोल गेलेला. "एक विचारू? जाळी कुठे बसवली रे तू? वाऱ्याची? मी आठ दिवस शोधत होतो. भिंतीत नाही, छतात नाही. मला वाटलं, हल्लीची तऱ्हा असेल, दिसू देत नसतील."

मी स्टूल ओढून खाटेजवळ बसलो.

"मी रात्रभर हिशेब केला," सर म्हणाले. "तू सहा घातलेस. आम्ही सात होतो. सातवा मी. मला जागा सोडता आली असती. मी खाली गेलो असतो तर सहा राहिले असते, आणि वारा पुरला असता. खरं ना?"

इंदूकाकू माझ्याकडे बघत होत्या.

मित्रहो, त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं. माझं तर काहीच नाही. आणि हा म्हातारा उरलेलं आयुष्य त्या बाईच्या वाटणीचा वारा आपण पिऊन टाकला, असं समजत जगला असता. मी खाटेची कड धरली.

"सर, सहा नव्हते. शून्य होतं."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. यादी, एकादशी, बटण. नंतर कळलं तेही. कळूनही गप्प बसलो तेही. देवळाच्या पायऱ्यांवर खोटं बोललो तेही.

सरांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यांची वाट बघत होतो, तहान लागल्यासारखी.

"ती दोनदा म्हणाली होती, जाऊ का म्हणून," सर म्हणाले. "दोनदा. मी म्हटलं, बसा."

"सर..."

"जा तू."

मी दारापर्यंत आलो तेव्हा मागून इंदूकाकूंचा आवाज आला. तीस वर्षं त्यांनी मला दिवाळीला ओवाळलं होतं. "अनंता," त्या म्हणाल्या, "घरी येत जाऊ नकोस आता. त्यांना सोसायचं नाही."

चौकशी झाली. तीन जणांची समिती. मी आपण होऊन गेलो, सूचनांची यादी पुढे ठेवली आणि म्हणालो, माझं नाव लिहा. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी मला पाणी दिलं, यादी वाचली, आणि म्हणाले, "बोचरे, तुम्ही उगाच अंगावर ओढून घेताय. जिन्यात माणसं दाखवणं हीच नियमबाह्य गोष्ट होती. ती काढायला तुम्ही मान्यता दिलीत, म्हणजे योग्य तेच केलंत. तुम्ही ती ठेवली असती, तर आज मला तुमच्यावर ठपका ठेवावा लागला असता."

"पण बाई गेली, साहेब."

"उष्माघातानं गेली. फार वाईट झालं." त्यांनी खरोखर मान खाली घातली. "पण कुठल्या खोलीत गेली ते लिहायचं, तर मॉडेलात तिथे खोली नाही."

अहवालात मृत्यूच्या जागेपुढे आडवी रेघ आहे. मी पाहिली.

पुढे पंतांना दुरुस्त केलं. आता जिन्यात श्वास जाणवला की ते ओळखतात, की ही गळती नव्हे, माणूस आहे. ओळखल्यावर ते काय करतात? घंटा वाजवतात. पहारेकरी येतो आणि माणसांना खाली हाकलतो. आणि दुपारी एक ते चार जिन्याच्या खालच्या दाराला आता कुलूप असतं. आगीच्या वेळी आपोआप उघडणारं, नियमात बसणारं कुलूप. नातेवाईक कुंपणाच्या भिंतीलगत बसतात. तिची सावली दुपारी वीतभर असते. एकेक जण पाय आत ओढून बसतो. नाव पुकारलेलं तिथवर ऐकू येत नाही.

सर आहेत. घरी आहेत. देवळात येत नाहीत. त्यांचा टाळ बुवांच्या पोतडीत पडून असतो; दुसऱ्या कुणाला मी तो घेऊ देत नाही. मी नोकरी सोडली नाही, हेही सांगून टाकतो. सोडली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण माझ्या जागी जो कुणी बसला असता, त्याला एकशे एकाहत्तरावी सूचना म्हणजे काय, ते माहीत नसतं. मी सगळ्या वाचतो. अमान्य म्हणतो. वरून परत येतात. पुन्हा अमान्य म्हणतो. दहांत एखाद्या पाहुण्याची जागा राहते.

श्रावणात मी निंभीला जाऊन आलो. सुंदराबाईंची मुलगी भेटली, रेखा. मी कोण ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बाजेवर बसा म्हणाली नाही, पण पाणी दिलं. मग आपण होऊनच आईचं सांगत बसली. बाई गावच्या शाळेत खिचडी रांधायची, एकशे चाळीस पोरांची, सव्वीस वर्षं. पोरांची नावं विसरायची, पण कुणाला तिखट चालत नाही ते तिच्या ध्यानात असे. भावाला दवाखान्यातलं जेवण गोड लागत नाही, म्हणून रोज पहाटे उठून डबा करायची आणि पहिल्या बसनं यायची. त्या मंगळवारी बस वाटेत बंद पडली आणि ती पोचेपर्यंत एक वाजून गेला; डब्यात आंबाडीची भाजी होती. भावाला वाटलं, ताई आज आली नाही. संध्याकाळपर्यंत तो तिच्यावर रुसून होता.

त्या भावाचं नाव दवाखान्याच्या नोंदीत आहे, खाट क्रमांकासकट. तो बरा होऊन घरी गेला, तेही आहे. तिचं नाव त्या इमारतीच्या कुठल्याच कागदावर नाही. आर्किटेक्टच्या मॉडेलात नाही, माझ्यात नाही, समितीच्या अहवालात 'एक महिला' एवढंच आहे.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. माझी आठवण ठेवू नका, सरांचीही नको. त्यांना आठवणारे आम्ही आहोत. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यामागून एक नाव घ्या. सुंदराबाई खंडारे. गाव निंभी. शाळेत खिचडी करायच्या. एवढं पुरे. रोज नाही जमलं तर उन्हाळ्यात तरी घ्या.